कळीच्या चुन्याचा धडा

निजामाच्या राज्यात बीडजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. बायको वारली, तिला जाळून आठ दिवस झाले होते. शाळेत पोरांपुढे मी नुसता उभा राहायचो.

त्या दिवशी सकाळी उन्हात ठेवलेलं मिठाचं पाणी दुपारी आटलं आणि परातीत पुन्हा मीठ दिसलं. मग चुनाभट्टीवाल्यानं आणून दिलेला कळीचा चुना मी पाण्यात टाकला. विस्तवाशिवाय पाणी उकळताना पाहून पोरं ओरडली.

"मीठ परत आलं," मी म्हणालो, "पण भट्टीत जळालेला हा दगड पुन्हा दगड होत नाही."

"व्हतो की, मास्तर," भट्टीवाला दारातून म्हणाला. "भिंतीत बसला की व्हतो. तवर भिंत ओली ठिवावी लागती."

"मला शिकवतो का बे? निघ!"

तो गेला. आठ दिवसांत माझे डोळे एकदाही ओले झाले नव्हते.