परातीतलं तोंड

मी धावत गेले आणि सासूबाईंचं डोकं धरून वर ओढलं. मोरीत बसून त्यांनी थंड पाण्याच्या परातीत तोंड घातलं होतं, मला वाटलं चक्कर येऊन पडल्या. मलाच धाप लागली.

"अगं सोड, केस उपटतेस की काय," पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या. "छाती धडधडली की असं करायचं, डॉक्टरांनीच शिकवलंय. सगळं तपासून झालंय, धोका काही नाही."

"कधीपासून होतंय?"

"तुझे सासरे गेल्यापासून. दिवसातनं दोनतीनदा येतं नि जातं."

तीन वर्षं झाली मला या घरात. मी सातवीच शिकलेली, पण एवढं तर दिसायला हवं होतं. भाजी निवडता निवडता त्यांचा हात थांबायचा, मला वाटायचं माझ्यावर रुसल्या. मग मीपण बोलायचे नाही. काळीज एवढं धडधडतं, तरी शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही. म्हातारपणी असंच होत असेल का सगळ्यांचं?

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "बाळाला माझ्याकडे ठेवू द्यायचा नाही तो. दिवसभर मग मी काय करू?"

तेवढ्यात बाळ उठलं. मी त्याला उचललं, तर त्यांनी घ्यायला हात पुढे केले. धोका नाही हे मला कळलं होतं, पण माझे हात सुटेनात. त्या तशाच हात पसरून उभ्या. तुम्ही असता तर दिलं असतं का?