दादाची सिंधी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आनंदनगरच्या कंपनीत जेवणाचा डबा उघडत होते. "आत्या, बाबा गेले," पुतणी म्हणाली. बदलापूरला त्याच्या घरी जाताना रिक्षात मनात आलं, की आता दादाची भाषा कशी समजून घ्यायची हा प्रश्न मिटला. असल्या वेळीही माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. त्याला दीड महिना झाला. आज दादाचा वाढदिवस. एकसष्ट पूर्ण झाली असती.

दादाचं लहानपण उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात, शहाडच्या बाजूला गेलं. बराकीत सगळे सिंधी, आमचंच एक मराठी, बौद्ध घर. आई कामाला गेली की शेजारची अम्मा त्याला सांभाळायची, त्यामुळे तो आधी सिंधी बोलायला लागला आणि मग मराठी. मी दहा वर्षांनी लहान. माझ्या वेळी घर अंबरनाथच्या चाळीत आलेलं, म्हणून मला ती भाषा आली नाही. मोठेपणी दादाने सिंधी टाकूनच दिली. कारखान्यात फोरमन झाला, कामगारांना अर्ज लिहून द्यायचा, कुठे शुद्धलेखनाची चूक दिसली की खिशातून पेन काढायचा. "आपल्या घरात अक्षर यायला किती पिढ्या गेल्या," म्हणायचा. मराठी त्याला वारशात मिळालेली नव्हती, त्याने ती कमावली होती.

बदलापूरच्या सोसायटीचा तो चेअरमन. फळ्यावर मराठीच, हा त्याचा नियम. तीनेक वर्षांपूर्वी दुकानांच्या मराठी पाट्यांवरून सगळीकडे तापलेलं होतं, तसा दादाही तापला होता. त्यातच समोरच्या गोपभाईंची बायको वारली. उल्हासनगरात कापडाचं दुकान चालवून निवृत्त झालेले हे सिंधी गृहस्थ. त्यांनी प्रार्थनेची वेळ फळ्यावर हिंदीत लिहिली. दादाने ती पुसली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीत लिहून काढली. मी तिथेच होते.

"राहू दे ना दादा, दुःखाचा मजकूर आहे."

"मजकूर तोच आहे. नियम म्हणजे नियम," तो म्हणाला आणि ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. गोपभाई बाहेर आले, फळा वाचला, "अच्छा लिखा है," एवढंच म्हणून आत गेले. पुढे वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं.

मग दादाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काही आठवड्यांनी वाचा परतली, ती वेगळीच. वहिनीकडे बघून तो म्हणाला, "अच, वेह." तिला वाटलं, बरळतोय. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणची भाषा तेवढी राहते. मराठी त्याला कळायची, पण ओठांवर येत नव्हती. शेवटी वहिनीनेच समोरची बेल दाबली. गोपभाई अनवाणीच आले. "अच, वेह," दादा म्हणाला. गोपभाईंनी खुर्ची ओढली. "बैठने को बोल रहे हैं, भाभी." दादा लहान मुलासारखा रडायला लागला.

नातेवाईकांत कुणीतरी म्हणालं, ज्या हाताने फळा पुसला तोच हात गेला. मला तो न्याय पटला नाही. फडकं तर माझ्याही हातात होतं.

गोपभाई रोज चार वाजता येऊ लागले. दादा काय म्हणतो ते वहिनीला सांगायचे. एकदा मी फळ्याचा विषय काढला, माफी मागावी म्हणून. "जाने दो दीदी, उस टाइम सबका दिमाग गरम था," ते म्हणाले. "मेरे बच्चे भी कहाँ सिंधी बोलते हैं? अभी इस बिल्डिंग में बोलनेवाले दो ही, मैं और दादा."

साठाव्या वाढदिवसाला त्यांनी दाल-पकवान आणलं. पुरीसारखं कडक पकवान डाळीत भिजवून मऊ केलं, वहिनीने चमच्याने भरवलं. दादाला ते आवडलं... खाता खाता तो म्हणाला, "पाणी."

वहिनीचा चमचा थांबला. "मराठीत बोलले. मराठीतच ना?"

सिंधीतही पाण्याला पाणीच म्हणतात. मला ते नंतर कळलं, गोपभाईंना तेव्हाच ठाऊक होतं. "हाँ भाभी, मराठी में बोले," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. पुढचं वर्ष वहिनीने त्या एका शब्दावर काढलं.

गेला त्या सकाळी दादाने वहिनीचा हात धरला आणि एक लांबलचक वाक्य बोलला. सावकाश, समजावून सांगावं तसं. गोपभाई त्या दिवशी मुलीकडे गेले होते. वहिनीने ते आवाज जसेच्या तसे पाठ केले आणि संध्याकाळी ते आल्यावर, इतक्या माणसांत, त्यांना म्हणून दाखवले. त्यांनी दोनदा ऐकलं. काही अर्थ लागला नाही.

आज मी बदलापूरला गेले होते. चार वाजता गोपभाई आले, रिकाम्या कॉटशेजारच्या खुर्चीत बसले. वहिनीने चहा दिला आणि रोजच्यासारखं ते वाक्य म्हटलं. मी ते गेल्या आठवड्यातही ऐकलं होतं. तेव्हा शेवटी असलेला एक शब्द आज नव्हता, आणि मध्येच मराठी वाटावा असा एक शिरला होता. मी वहिनीला सांगितलं नाही. गोपभाईंच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले.

"फिर से बोलिए, भाभी," ते म्हणाले.