माहं बोनट झालं तो दिवस

आमच्या गावच्या जीप स्टँडावर एक रीत आहे. नवा ड्रायवर लायनीत यायचा असला की आदी त्याचं 'बोनट' होते. म्हणजे सगळ्यांसमोर त्यानं आपल्या गाडीचं बोनट उघडायचं, इंजिनाचे बेल्ट काढायचे, नवे चढवायचे आन् गाडी चालू करून दाखवायची. मदतीले कोणी यायचं नाई. सिरोंचाच्या रस्त्यावर जंगलात बेल्ट तुटला त तिथी ना गॅरेज, ना मोबाईलले टावर. पाण्याचा पंप थांबते, इंजिन उकळते आन् सवाऱ्या झाडाखाली बसून ड्रायवरच्या खानदानाचा उद्धार करतेत. म्हणून ही रीत. रीत वाईट नाई. पण पोट्ट्यांचं बोनट कसं होते ते मी पाह्यलं होतं. एक जण पाना देते, दुसरा अल्टरनेटर दाबून धरते, तिसरा चहा सांगते, की झालं बोनट.

माह्यासाठी मात्र रीत एकदम कडक झाली.

माह्या नवऱ्याले लकवा मारला आन् त्याची डावी बाजू गेली. तोंड जरासं वाकडं झालं, पण जीभ शाबूत राह्यली. जीभ गेली असती त बरं झालं असतं, असं मले कित्येकदा वाटलं. जीप अंगणात उभी होती. चारही चाकं ओढणारी, नाल्यातून निघणारी गाडी, आन् तिच्यावर कोंबड्या बसत. चालवता मले लगन झाल्यापासून येत होती, लायसन मी गडचिरोलीहून काढून आणलं होतं. अडत होतं ते एकाच गोष्टीवर. स्टँडावरचा नंबर. नंबर असला तरच सवाऱ्या भरता येतेत. नंबर गेला की जीप म्हणजे भंगार, आन् घर चुलीसकट बंद.

स्टँडाचा मुखिया माह्या नवऱ्याचा जिगरी दोस्त. माह्या हातचं मटन किती वेळा चाटून पुसून खाल्लं असन त्यानं. तो म्हणाला, "वहिनी, बोनट करून दाखवा. जमलं त नंबर तुमचा. नाई जमलं त माह्या साळ्याचा, मंग इथी तोंड दाखवायचं नाई."

"करतो ना भाऊ," मी म्हटलं. "तुमच्या साळ्याचं बोनट झालं का?"

"त्याचं करून घेऊ आमी," तो म्हणाला आन् सगळे हासले.

दिवस एप्रिलचा ठरवला, येळ भर दुपारची. लोखंडाले हात लागला की कातडं सोलून निघावं अशी. नवऱ्याले घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून संगं आणलं. दोघा-तिघांनी त्याले उचलून ड्रायवरच्या सीटवर बसवलं. "मालक आहे, मालकाच्या जागी बसू द्या." चाबी तिथीच लटकत होती. मी मनात म्हटलं, बसू दे बापा, तेवढाच खुश होईन.

बोनट उघडलं त आतून जळक्या रबराचा आन् साबणाचा वास आला. हेही आमच्याकडचंच खूळ. बेल्ट चिरकायला लागला की बदलत नाईत, कपड्याचा साबण घासतेत. चार दिवस आवाज बंद, ड्रायवर खुश. आतून बेल्ट मरत राह्यते. माह्या नवऱ्यानं त वर्षभर साबणच घासला होता, तोही माहा आंघोळीचा. बेल्टाच्या पोटाले भेगा पडलेल्या, कडेचे धागे लोंबत होते, आन् पुलीच्या चाकावर साबणाची पांढरी खपली. मी पाना उचलला आन् आदी बॅटरीची वायर काढली.

"वहिनी भेली! करंट लागन म्हणे!"

भेलीच होती मी. करंटले नाई, तुमाले.

माह्या गाडीत समोर स्टेअरिंगचा एक बेल्ट आन् त्याच्या मांगं पंख्याचे जुळे दोन. समोरचा काढल्याबिगर मांगचे निघत नाईत. बेल्ट ताणून धरते त्या अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, त्याले इंजिनाकडे ढकलायचं, मंग बेल्ट सैल पडते. बोल्ट गंजलेला होता. मी पान्यावर पाय देऊन उभी राह्यली त मांगून कोणीतरी शिटी मारली. "पदर सांभाळा, पंख्यात जाईन!" "बांगड्या काढून ठेवा ना, फुटल्या त भाऊ आजच गेला समजा!" नवऱ्याच्या मरणाचा विनोद, तोही त्याच्याच समोर. आन् तो? तोही हासत होता. वाकड्या तोंडानं, लाळ गाळत, त्या भडव्यांच्या संगं हासत होता.

बोल्ट सुटला. कोपर इंजिनाले लागून चटका बसला. एक-एक पातं ओलांडून जुने बेल्ट पंख्यावरून काढले आन् मुखियाच्या पायाशी फेकले.

"एकच बदला ना," तो म्हणाला, "दुसरा चांगला दिसते."

"तुमच्या साळ्याच्या गाडीत टाका मंग तो," मी म्हटलं. जुळ्यातला एक नवा आन् एक जुना ठेवला त सगळा जोर नव्यावर येते आन् तोच पह्यले तुटते. त्याले हे माहीत होतं.

नवा बेल्ट पंख्यावरून घातला, खालच्या पुलीत बसवला. वरच्या पुलीवर चढवताना बोटं बेल्टाच्या खाली जातेतच, दुसरा इलाज नाई. माही बोटं तशीच आत होती, बेल्ट आन् पुलीच्या मधात, तवा मले खट् असा आवाज आला.

चाबीचा आवाज. तो मी झोपेतही वळखन.

इंजिन फिरलं नाई, कारण वायर काढलेली होती. मी मान वर केली. काचेतून नवरा दिसला. उजवा हात चाबीवर. त्यानं पुन्हा फिरवली. खट्. आन् पुन्हा.

हासणं थांबलं. मुखिया हळूच म्हणाला, "अरे, वहिनीचा हात आत आहे ना बे."

मी बोटं काढली, दरवाजापाशी गेली. वाटलं, डोकं फिरलं असन याचं, लकव्यानं भान राह्यलं नसन. विचारलं, "अवो, काऊन फिरवली चाबी? माहा हात होता आत."

"दिसत होता मले," तो म्हणाला. साफ बोलला, एकही शब्द न अडखळता. "बोटं गेली असती त घरी बसली असतीस."

मले रडू नाई आलं. असा राग आला की हातातला पाना त्याच्या चांगल्या हातावर घालावा वाटला. घातला नाई, कारण गाडी अर्धवट उघडी होती आन् नंबर माहा व्हायचा होता. चाबी काढून ब्लाऊजात खोचली आन् परत बोनटात घुसली. मंग कोणी शिटी मारली नाई. बेल्ट ताणले, अंगठ्यानं दाबून पाह्यले, बोल्ट कसले, स्टेअरिंगचा चढवला, वायर जोडली. त्याच्या पुढून हात घालून चाबी फिरवली. इंजिन लागलं. बेल्ट चिरकले नाईत.

मुखियानं मान हलवली. "तुमचाच नंबर, वहिनी."

सवाऱ्या चढायले लागल्या. जिमलगट्ट्याची फेरी होती. नवरा म्हणाला, "मले आदी घरी सोड."

"आदी फेरी," मी म्हटलं. "भाऊ, उचला यांले. स्टँडाच्या बाकड्यावर ठेवा."

"आन् लघवीले लागलं त?" त्यानं विचारलं.

"तुमचे दोस्त आहेत ना इतके."

दिवस बुडताना परत आली त बाकड्यावर तो एकटाच होता, पॅन्ट ओली, पायाखालची माती ओली. दोस्त कधीचे आपापल्या घरी गेले होते. मी त्याले काखेत धरून गाडीत टाकलं, घरी नेलं, धुतलं, जेवू घातलं. घास गिळत तो म्हणाला, "पाप लागन तुले."

"लागू द्या," मी म्हटलं. "तोंड उघडा, शेवटचा घास आहे. सकाळी पह्यला नंबर माहा आहे."