उन्हात ठेवलेली बीअर

समीक्षा शहारे ही माझी सौंदडच्या शाळेतली विद्यार्थिनी. पंचशील पाळणारं घर. दारूचा थेंब उंबरा ओलांडत नसे. तीच मुलगी गोंदियाच्या एका महाविद्यालयात बीअरमधलं जीवनसत्त्व मोजू लागली, तेव्हा तिची आई सुशीलाबाई म्हणाली, "मोज बाई, पण हात धुऊन घरात येजो."

बीअरवर निळा प्रकाश टाकला की त्यातलं बी-दोन जीवनसत्त्व पिवळसर हिरवं चमकतं. यंत्र ती चमक मोजतं. साठ बाटल्यांची चमक आणि त्यांतलं खरं प्रमाण यांचा मेळ घालून समीक्षाने संख्याशास्त्राचं एक सूत्र बसवलं. मग नुसत्या चमकेवरून प्रमाण कळू लागलं. दोन वर्षं गेली त्यात. २०१२ साली शोधनिबंध छापून आला तो एकट्या विभागप्रमुखांच्या, टिकेश सरांच्या नावाने.

"माझं नाव काऊन नाही, सर?"

"जिनं बीअर चाखली नाही, तिचं नाव पाहून लोग हसेंगे!"

ती हे विसरली नाही.

महिन्याभराने बीअर कंपनीचे दोन अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला आले. रंग खुलून दिसावा म्हणून सरांनी सकाळी नऊलाच काचेचे ग्लास भरून खिडकीत मांडले. हे जीवनसत्त्व उन्हात नासतं, म्हणून समीक्षा बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवी. कागद कशाला, हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. अकराला यंत्राने कंपनीने स्वतः मोजलेल्या आकड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा दाखवला.

"सूत्र तुमचंच ना, सर?" एका अधिकाऱ्याने विचारलं.

सर यंत्राची बटणं दाबत राहिले. समीक्षा उठली, पडदे ओढले, कपाटातली बाटली काढून मोजली. आकडा जुळला. पुढचे सगळे प्रश्न अधिकाऱ्यांनी तिलाच विचारले.

"अगं, नऊलाच सांगायचं होतंस," तिने हे सारं सांगितलं तेव्हा मी म्हटलं.

"दोन घंटे त्या ग्लासांवरचं ऊन पाहून राहिली होती, गुरुजी. लय बरं वाटून राहिलं होतं."

रागवायला हवं होतं. जमलं नाही.

सूत्र खरं कोणाचं ते उघड झालं आणि सरांना पहिला निबंध मागे घ्यावा लागला. दुसरा तिने एकटीच्या नावाने पाठवला, तेव्हा सर तिच्या टेबलाशी आले. "माझंही नाव टाक कुठंतरी."

"टाकतो ना, सर."

त्या दुसऱ्या निबंधाची प्रत तिने मला दिली आहे. आभारांत शेवटी लिहिलंय, 'प्रात्यक्षिकाचे ग्लास भरून दिल्याबद्दल टिकेश सरांची मी ऋणी आहे.'