शूटिंगच्या तयारीत मेंढरं उधळली तेव्हा

माझ्या लग्नाचं शूटिंग करायला बीडहून माणूस येणार असं ठरलं आणि मला आमचं घर एकदम खटकायला लागलं. मी बीडला नर्स. शिक्षणापासून तिकडंच राहिलेली, आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावी सुट्टीपुरती येणारी. लग्न दारातच होणार होतं. मी आठवडाभर आधी आले आणि भिंती रंगवून घेतल्या, पत्र्यावर फेकलेले मोडके टायर उतरवले, पाण्याचा हौद घासला. हळद कुठं लागणार, पाटावर बसल्यावर मागं काय दिसेल, हे मोबाईल धरून चारचारदा बघितलं. प्रत्येक वेळी मागं मेंढरं दिसायची.

आमची दीडशे मेंढरं. आबा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात ती घेऊन नगरच्या बाजूला जातात. या वर्षी लग्नासाठी लवकर परत आले होते. दाराशेजारीच वाघूर लावलेली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. लेंड्या, वास, माशा. नवऱ्याकडची मंडळी शहरातली. मी आबांना म्हणाले, "लग्न होईस्तोवर मेंढरं ओढ्यापल्याड न्या ना. शूटिंगमध्ये घाण दिसेल."

"बरं," आबा म्हणाले, आणि त्याच दुपारी जाळी उपटून घेऊन गेले. आईनं मात्र माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

हळदीच्या आदल्या दिवशी व्हिडिओवाले दादा जागा बघायला आले. तिशीचा, कमी बोलणारा माणूस. ऊन कुठून येतं, मांडव कुठवर, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "ताई, एकदा ड्रोन वर टाकून बघू. गाव कसं दिसतं ते कळेल." आम्ही घरामागच्या टेकाडावर गेलो. ओढ्यापल्याड मेंढरं आहेत हे त्यांना सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. लपवलेली गोष्ट कोण सांगतं?

ड्रोन भुणभुणत वर गेलं. दादांच्या हातातल्या पडद्यावर आमचं घर काडेपेटीएवढं झालं. मग ओढा आला आणि पलीकडच्या कापूस काढलेल्या रानात मेंढरांचा पुंजका, कडेला लाल फेट्याचा ठिपका. आबा. मी बोट ठेवून सांगणार तोच पुंजका फुटला. ड्रोनच्या आवाजानं मेंढरं बिथरली आणि सगळी एकाच अंगानं पळत सुटली. त्या अंगाला पडद्यावर एक काळा गोल होता. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती शेजारच्यांची विहीर, कठडा नसलेली.

"दादा, खाली घ्या! विहीर हाय तिथं!" मी ओरडले. इतक्या वर्षांनी तोंडातून गावची बोली निघाली. पुढची मेंढरं विहिरीपासून वीसेक पावलांवर आली होती, आणि मेंढरांचं असं असतं की एक पडलं की मागची सगळी पडतात.

लाल ठिपका हलला नाही. आबा धावले नाहीत. ओढ्यापलीकडून एक आवाज मात्र आला. लांबलचक, घशातून निघून मध्येच तुटलेला, पुन्हा जोडलेला. त्यात शब्द नव्हता.

पडद्यावर पुढची रांग थबकली. मागची त्यांच्यावर आदळली, धूळ उडाली. दुसरी हाक आली तसा अख्खा कळप विहिरीच्या काठावरून वळला आणि पसरत, आखडत त्या लाल ठिपक्याकडं निघाला. दीडशे जनावरं. काठी नाही, दगड नाही, कुत्रंही नाही. दादांनी घाईघाईनं ड्रोन खाली उतरवलं.

आम्ही पळत तिकडं गेलो. आबा एका गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून उकिडवे बसले होते.

"मामा, चुकलं माझं," दादा म्हणाले.

"तुमाला काय ठावं? ह्यांला तरी काय ठावं? घार वाटली आसंल."

"पण तुम्ही केलं काय?"

"करायचं काय त्यात? माझा आवाज वळकत्यात ती."

दादा घुटमळले. "मामा, रेकॉर्डिंग चालू नव्हतं. मी नुसता उजेड बघत होतो. एकदाच पुन्हा..."

"न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "भ्यालेल्या जनावराला उगं भेवाडायचं न्हाई."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. ही हाक मी लहानपणापासून ऐकली असणार. पण तिच्यात काय ताकद आहे, ते मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात मोठमोठ्या डॉक्टरांचे हात चालताना बघून मी थक्क झालेय. माझ्या बापाकडं तसं कधी बघितलंच नव्हतं. लाज वाटली, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं.

"आबा, मेंढरं घरी आणा," मी म्हणाले.

"आन् शूटिंग?"

"त्यात येऊ द्या."

ते हसले, पण लगेच उठले नाहीत. गाभण मेंढी आधी सावरू दे, म्हणाले.

संध्याकाळी मेंढरं दाराशी आली. दुसऱ्या दिवशी हळदीला दादांनी ड्रोन पेटीतून काढलंच नाही. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मेंढरं ओरडत होती, ते फिल्ममध्ये स्वच्छ ऐकू येतं. सासूबाईंना ते आवडलं, निदान त्या तसं म्हणाल्या. आबा कॅमेऱ्यापुढं आधार कार्डावरच्या फोटोसारखे ताठ उभे आहेत. दादांनी कितीदा सांगितलं तरी सैल झाले नाहीत.

हळदीच्या सकाळी मात्र मी, अंगाला हळद तशीच ठेवून, त्यांच्यासोबत रानात गेले होते. म्हटलं, मला शिकवा ती हाक. त्यांनी हळूच काढून दाखवली. मी ओढून ताणून तसा आवाज काढला. एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. आबा इतके हसले, की त्यांना फेटा सोडून डोळे पुसावे लागले.