विहिरीतला पाव

"उतर खाली, बाटग्या! तुयाच हातानं काढ!"

पाटील काठावरून ओरडून राह्यला होता आन माया बाप दोराले धरून विहिरीत उतरत होता. सारी आळी जमली होती. झालं काय, तं विहिरीत पावाचा भिजका तुकडा तरंगताना दिसला. शाळेचे मास्तर बोलले, गोव्यात पादरी विहिरीत पाव टाकत, ते पाणी जो पिला तो किरिस्ताव. बस! पाव म्हणे आमीच टाकला, गाव आमीच बाटवलं.

आमी गोव्याचे, किरिस्ताव. तवा तिथं पोर्तुगीजाचं राज्य होतं. जमीनदारानं आमचं झोपडं पाडलं, म्हणून बाप आमाले घेऊन शेगावले आला, पावाची भट्टी लावली. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. लोकायनं आमचं नाव ठेवलं पोर्तुगीज. रंग तव्याच्या बुडासारखा, आन म्हणे पोर्तुगीज! हॉटेलात आमचा पाव चहात बुडवून मिटक्या मारत. पण विहिरीले आमचा हात चालत नोता. मायनं घागर खाली ठेवाची, कोणाले दया आली तं वरून पाणी ओताचं. त्याच पाण्यात पावाचं पीठ भिजे. तवा काऊन कोणी बाटत नोतं?

मी तवा बारा वर्षांची होती. तुकडा कसा पडला ते मी पाह्यलं होतं. पाटलाची माय तापानं पडली होती, डॉक्टरनं दूध-पाव सांगतला होता. तिचं उष्टं वाडगं सून काठावर खंगाळत होती.

"तुमच्याच वाडग्यातला हाये!" मी ओरडली.

पाटलानं थोबाडीत हाणली. सून खाली पाहून राह्यली. आतून बाप म्हणे, "गप राह्य, पोरी."

दिवसभर त्यानं गाळ उपसला. ज्याच्या हातानं विहीर बाटते, तोच छातीभर पाण्यात उभा! वर आला तं हुडहुडी भरली होती. पाटील म्हणे, "पाय धर." बापानं धरले. मले पाटलापेक्षा बापाचाच जास्त राग आला. मंग विहिरीत गोमूत्र शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील खुद्द भट्टीच्या दारात.

"मायले पाव पाह्यजे. दुसरं काई पोटात ठरत नाई."

बापानं पाव काढला. मी तो त्याच्या हातातून ओढला आन पाण्याचा गिलास पाटलापुढं धरला.

"पहिले आमच्या घरचं पाणी प्या. मंग पाव. तुमच्याच विहिरीचं हाये."

पाटील दोन पावलं मागं सरला. घरात माय उपाशी, आन याले बाटाची भीती! थुंकला आन गेला. म्हातारी त्या दिवशी उपाशी राह्यली. मले वाईट वाटलं नाई. आजही वाटत नाई.

बाप म्हणे, "पोरी, आता इथूनही निंघा लागन."

"तू जा. मी नाई येत."

मी दोर-बाल्टी उचलली. भर दुपारी, साऱ्यायच्या डोयासमोर, आपल्या हातानं पाणी शेंदलं. त्यायनं दोर कापला. मी गाठ मारली. पुन्हा कापला, पुन्हा मारली. गोव्यातून हाकललं तं आमी निंघालो. इथून नाई निंघत. पाणी मी मायाच हातानं काढीन. विहीर बाटते तं बाटू दे.