शांतादेवीची खिडकी आन पंचाक्षरीचा पोर्च

...तर कुठं व्हते मी? हां, पोर्च. लिही गं रुद्रे, पेन चावत बसू नगंस. आन मधी मधी "आज्जे, असं न्हाई म्हनत" असं म्हनू नगंस. मी बोलते तसंच उतरव.

पंचाक्षरीचं घर तुला ठाव हाय. नांदूरघाटाकडनं आपल्या गावात शिरलं की पयलं दगडी घर. निजामाच्या वक्ताचं. त्याच्या पनज्यानं बांधलेलं. चौकटीवर कोरलेला नंदी, वर माळवद, म्हंजी लाकडावर जाड पांढऱ्या मातीचं छत. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की रांजणात उतरल्यावानी गार. औरंगाबादची शिकलेली मानसं येऊन त्या दाराचे फोटू काढून न्यायची. आन ह्या येड्याला त्या घराची लाज वाटायची! लाज!

खता-बियाचं दुकान व्हतं त्याचं. कुठं काय नवं निघालं की ह्याच्या पोटात दुखायचं. गावात टीव्हीची छत्री पयली त्यानं आनली. माळवदाला भोकं पाडून बसवली, आन पावसाळ्यात समदं पानी बायकोच्या पिठाच्या डब्यात. तरी छत्रीखाली उभा राहून मिशा पिळायचा.

पर ही गोष्ट त्याची न्हाई. त्याची कोन लिहिल? शांतादेवीची हाय.

शांतादेवी सून म्हनून आली तवापास्नं त्या घराच्या आंधळ्या सैपाकघरात. भिंती हातभर रुंद, खिडकी न्हाई. धूर जायाला माळवदात एक भोक तेवढं. भाकर भाजली का करपली ते बिचारीला वासावरनं कळायचं. डोळे बारा महिने लाल. शेजारनी म्हनायच्या, "शांताबाई, रडलाव काय?" ती म्हनायची, "रडायला सवड कुठं हाय माय, सैपाक व्हता."

तिचं मागनं एकच. घराच्या मागं, कडूलिंबाच्या बाजूला, एक सैपाकघर काढून द्या. त्याला खिडकी पाहिजे. बस. सोनं न्हाई, साडी न्हाई. खिडकी!

पंचाक्षरी "बघू" म्हनायचा. तो "बघू" म्हनता म्हनता त्यांच्या पोराला, केदारनाथाला, मिसरूड फुटलं. शेवटी एकदा हो म्हनला. इलियास मिस्त्री आला, मागं पाया खांदला, भिंती कमरेपोत आल्या. शांतादेवी दुपारी त्या अर्ध्या भिंतीत जाऊन ज्वारी निवडत बसायची. जिथं खिडकी येनार तिथं एक खडा ठेवलेला. त्या खड्यावरनं लिंबाकडं बगायची, जनू खिडकी झालीच.

आन तेवढ्यात ह्यो शेट माजलगावला लग्नाला गेला. तिथं कुना कारखानेवाल्याचा बंगला बघितला. त्याला पुढं पोर्च. आला तो तापच घिऊन आला.

"इलियास, मागचं ऱ्हाऊ दे. पयलं पुढं पोर्च घे. खांबावर कमळं काड."

इलियास म्हनला, "शेट, गाडी कुठाय?"

"गाडी येती की!"

"गल्लीत वळंल का पन?"

"तू कमळं काड बे!"

गाडी कसली आलीय, लुना व्हती! कुत्रं मागं लागलं की पायडल मारावं लागायचं. तिच्यासाठी स्लॅबाचं छत!

मागची वाळू पुढं, मागचं शिमिट पुढं, लोखंड पुढं. शांतादेवी म्हनली, "अवो, माझ्या भिंती उघड्या पडल्यात."

"अगं, मागचं कोन बघतंय? मानूस पुढनं येतंय."

"आन भाकर कुठनं येती?"

तो पुढं कमळं बघाया गेला.

पौषात पोर्च झाला. नंदीचं दार पार मागं अंधारात गेलं. समदं गाव खाली बसून च्या पिऊन गेलं. "वा शेट, वा शेट!" एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई की चैतात काय व्हनार. आप्पाराव, जो देवाची काठी उचलतो, त्यानं सुद्दा दोन बश्या च्या वरपला. शांतादेवीच्याबी ध्यानात आलं न्हाई. ती आपली मागच्या खड्याकडं बघत.

चैतात म्हादेवाची काठी निघती. माळवदाच्याबी वर जाईल एवढा उंच बांबू, वर निशान. देवळातनं उचलली की जत्रा करून देवळात परत येस्तवर आडवी करायची न्हाई, वाकवायची न्हाई. जाताना आन येताना पयला मान पंचाक्षरीच्या उंबऱ्याचा. काठी उंबऱ्यावर टेकायची, घरच्या सुनंनं तिचे पाय धुवायचे, मग पुढं.

वाजतगाजत काठी आली आन पोर्चाम्होरं थांबली. वर स्लॅब! उंबऱ्यापोत जायाची कशी?

पंचाक्षरी म्हनला, "आप्पा, जराशी कलती कर की."

आप्पाराव असला चिडला! "देवाला कलता करू? तूच कलता हो की रं, कमळवाल्या!"

पंचाक्षरीचा चुलतभाऊ विश्वेश्वर, पुढच्या घराचा, गालात हसत म्हनला, "ऱ्हाऊ द्या. आमचा उंबरा उघडा हाय. पयला मान आमाला द्या."

मान जातोय बघून पंचाक्षरी वरडला, "मागनं या! मागं वर उघडं हाय!"

मंडळी वळसा घालून मागं गेली. काठी त्या अर्ध्या भिंतीत टेकली, जिथं चूल येनार तितंच. शांतादेवीनं पाय धुतले, कुंकू लावलं. तिला वाटलं, देवच माझ्या सैपाकघरात आला.

सांजच्याला शेट लई खुशीत. "बरं झालं बघ. आता मागचं उघडंच ठिवू, फरशी घालू, देवाची जागा झाली. तुझं जुनं सैपाकघर काय वाईट हाय? इतकी वर्सं निघाली की."

ती ताटं उचलून आत गेली. बायको बोलंना की ह्याला वाटायचं कबूल झाली. असली अक्कल!

जत्रा करून काठी परत आली त्या सकाळी शांतादेवी उठली, न्हाली, आन चूल उचलून त्या उघड्या भिंतीत मांडली. कपाळाला इबूत लावली, चुलीत जाळ घातला, डोक्यावर पदर घिऊन उन्हात भाकरी थापाया बसली.

मंडळी जाताना आलेली तशीच मागं आली. ती बसल्या जागंवरनं म्हनली, "आप्पा भावजी, थांबा. हे माझं सैपाकघर हाय. चूल पेटलीय. पेटल्या चुलीवरनं देव नेताव का?"

आप्पाराव जागीच थांबला. आपल्यात चुलीजवळ असं कोन बी शिरत न्हाई, देव घिऊन तर न्हाईच.

पंचाक्षरी धावत आला. "अगं, लोकात काय हे! इजव ती चूल!"

"न्हाई इजवनार. देवाची वाट पुढच्या दारानं हाय. पुढं आडवं काय आलंय ते बघा."

विश्वेश्वर खाकरला, "मग आमच्याकडं—"

"थांब रं!" पंचाक्षरी किंचाळला. आन मग लई बारीक आवाजात, "इलियासला बोलवा."

इलियास घन-छिन्नी घिऊन आला. "शेट, कमळं ठिवू का फोडू?" समदी गल्ली हसली. उंबऱ्यापास्नं गल्लीपोत काठी जाईल एवढी फट पाडायची ठरली. स्लॅब पक्का, इलियासनंच घातलेला. ठोकून ठोकून घामाघूम झाला. तवर काठी गल्लीत उभी, मानसं पाळीपाळीनं धरून. आन शांतादेवी मागनं भाकरी आन पिटलं धाडतीय, विश्वेश्वरालाबी.

दीस कलला तवा काठी फटीतनं आत गेली आन उंबऱ्यावर टेकली. पोर्चाचा मधोमध भांग पडला!

आता मागं फरशी घालायचं कारनच उरलं न्हाई. पावसाच्या आत भिंती वर गेल्या, वर पत्रा बसला. फटीतनं निघालेलं लोखंड इलियासनं तिच्या खिडकीला गज म्हनून बसवलं. पयल्या पावसात शेटची लुना पोर्चाखाली भिजत व्हती आन शांतादेवी खिडकीत बसून शेंगा सोलत व्हती. डोळ्यांची लाली पार गेलेली.

आता ऐका, जे कोन वाचत असाल ते. केदारनाथ लातूरला असतो. त्यानं गाडी घेतलीय, आन बापाची खोड कुठं जाती? म्हनतो, फटीवर पत्रा टाकतो, काठी मागनं नेऊ, सैपाकघर पाडू. तुमी लातूरकडं गेलाव तर त्याला गाठा आन एवढं सांगा: गाडी भिजू दे बाबा. तुझी आई अजून त्या खिडकीत बसून भाकर करती.